ऐकलेल्याचं पान

आमच्या रेडिओ क्लबचा अंक तीन महिन्यांनी निघतो. पिवळसर कागद, मधे दोन पिना आणि मुखपृष्ठावर कुणाच्या तरी गच्चीवरच्या अँटेनाचा फोटो. बारामतीत भिगवण रस्त्यावर एक छापखाना आहे, तिथे लग्नपत्रिकांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत अंक छापून होतो. छापखानेवाला दर वेळी विचारतो, "हे वाचतं कोण?" मी तिरसट माणूस. पूर्वी मी त्याला सांगायचो की तुझ्या पत्रिका जेवणाची वेळ बघून फेकून देतात, आमचा अंक लोक जपून ठेवतात. आता त्याचा प्रश्न मला फक्त ओठांवरून कळतो, आणि भांडायला ऐकू यावं लागतं.

आमचा छंद काय ते सांगतो. हौशी रेडिओवाल्यांसाठी सोडलेले छोटे उपग्रह आपल्या डोक्यावरून जातात. सरकारची परीक्षा देऊन परवाना काढला की त्यांच्यामार्फत बोलता येतं. उपग्रह क्षितिजावर उगवतो आणि चहा निवायच्या आत मावळतो. तेवढ्या वेळात अँटेना त्याच्याकडे वळवत राहायचा, माइकमध्ये बोलायचं, आणि आपलं बोलणं वरून परत खाली येताना हेडफोनमध्ये ऐकायचं. शेजारच्या कन्हेरी गावातल्या माणसाला फोन लावला तर लगेच लागतो, पण आम्हाला त्याच्याशी अंतराळातून बोलायचं असतं. बायको याला द्राविडी प्राणायाम म्हणते आणि तिचं बरोबर आहे. पण आपलाच आवाज एवढ्या उंचीवरून परत आलेला ज्यानं ऐकलाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

उपग्रहावर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. दोघे बोलले की ज्याचा जोर जास्त त्याचा आवाज वर राहतो आणि दुसऱ्याचा चिरडला जातो. म्हणून पहिला धडा असा की आधी ऐका, मग बोला. ऐकू येत नसेल तर माइकच्या बटणाला हात लावायचा नाही. हा धडा मी आमच्या प्रत्येक नव्या सभासदाला दिला. उचलली जीभ लावली टाळ्याला असं करणाऱ्यांना मी चारचौघांत झापलंही आहे.

अंकात बाकी सगळं असतं तसंच असतं. अँटेना कसा जोडावा, कोणता उपग्रह बंद पडला, परीक्षेचे प्रश्न. पण लोक अंक मागून उघडतात, कारण शेवटी ‘ऐकलेल्याचं पान’ आहे. ते मी सुरू केलं आणि त्याचा नियमही माझाच. तिथे आपण काय बोललो ते लिहायचं नाही. दुसऱ्याचं काय ऐकलं, तेवढंच लिहायचं. नावंही घालायची नाहीत, फक्त गाव. ‘भवानीनगर खणखणीत, मागे ट्रॅक्टर ऐकू येत होता.’ ‘कन्हेरीचा आवाज शेवटी बुडाला, बहुतेक नारळाच्या आड गेला.’ त्यामुळे झालं काय, की या पानावर स्वतःहून कुणाला येताच येत नाही. दुसऱ्यानं ऐकलं तरच तुम्ही तिथे असता. आणि आपला आवाज दुसऱ्या गावात कसा उतरला, हे तीन महिन्यांनी छापलेलं वाचताना जे वाटतं, ते मला सभा-सत्कारात कधी वाटलं नाही.

या पानावर सगळ्यात छान लिहितो तो भिगवणचा. मासळीचा व्यापार आहे त्याचा. उजनीच्या पाण्याच्या कडेला उभा राहतो, समोर आडवं येणारं काहीच नाही, त्यामुळे उपग्रह पाण्याला टेकेपर्यंत त्याला ऐकू येतो. एकदा त्यानं माझ्याबद्दल लिहिलं होतं, ‘बारामती बोलली. घसा बसलाय. आल्याचा काढा घ्यावा.’ मी खरंच घेतला होता.

मग माझे कान गेले. एकदम नाही. आधी हेडफोन खराब झाला असं वाटलं, तो बदलला. मग वायरी बदलल्या. माझं आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेलं, त्यामुळे बिघाड यंत्रातच असणार असं मी धरून चाललो. घरातला प्रत्येक वायरीचा जोड मी पुन्हा सोल्डर करून पक्का केला. शेवटी बायकोनं पुण्याला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी माझ्या कानांचा आलेख काढून दाखवला. असले आलेख मी जन्मभर वाचत आलोय, मला वेगळं सांगावं लागलं नाही. रेघ उजवीकडे सरळ दरीत गेली होती.

कानात घालायचं यंत्र मिळालं. शांत खोलीत, समोरासमोर, एकच माणूस बोलत असेल तर त्याच्या ओठांकडे बघून मला कळतं. हेडफोनमधून मात्र नुसता भुसा पडतो. गावं वेगळी ओळखू येत नाहीत, शब्द तर नाहीच. मी क्लबमध्ये सांगितलं की थोडं कमी ऐकू येतं. ‘थोडं’ हा शब्द मी स्वतःसाठीच घातला होता.

त्या दिवसांत अंकामुळे मला जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं. आलेल्या नोंदी टाइप करताना मला पुन्हा ऐकू यायचं. भिगवणच्यानं लिहावं, ‘कन्हेरी आज हसत होती,’ आणि मला ते हसणं ऐकू यावं. घरात टीव्ही मुका, नातवंडं मुकी, दारातला भाजीवाला मुका, आणि या एका पानावर एवढा गलबला. मी ते पान उशाशी घेऊन झोपायचो. बायको चिडवायचीसुद्धा नाही, यावरून माझी अवस्था काय झाली असेल ते समजा.

पण नुसतं वाचून माझं भागेना. मला त्या पानावर यायचं होतं. दुसऱ्यांचं ऐकू येत नाही म्हणून मी लिहू शकत नव्हतो. पण त्यांनी माझं ऐकलं तर मी तिथे असणार होतो. म्हणून मी बोलत राहिलो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उपग्रहाची रेघ दिसते. कुणी बोललं की ती पसरते, थांबलं की बारीक होते. ती बारीक झाली की मी बटण दाबायचो. मला वाटलं, कान नाहीत तर नाहीत, डोळ्यांनी ऐकू.

आणि नोंदी येत होत्या. ‘बारामती स्पष्ट.’ ‘बारामती खणखणीत.’ प्रत्येक अंकात. मी त्या टाइप करायचो आणि दिवसभर घरात बरा वागायचो.

पुढे नोंदी आटायला लागल्या. भवानीनगरहून येईनात. कन्हेरीहून एक ओळ आली, तीही उपग्रहाबद्दल, माणसांबद्दल काही नाही. मी आठवण करून दिली की सगळे म्हणायचे, "व्हय तात्या, धाडतो." आणि धाडायचे नाहीत. एका अंकात ऐकलेल्याचं पान अर्धं कोरं गेलं. त्यानंतर कन्हेरीच्या सभासदाचा निरोप आला. त्याची भाजीची शेती आहे आणि क्लबची चिटणिशी तोच बघतो. अंकाचं काय करायचं ते ठरवायला सगळ्यांनी त्याच्याकडे जमायचं होतं.

त्याच्या ओसरीवर बसलो. काकड्या चिरून ठेवल्या होत्या. बायको माझ्याबरोबर होती, ती बोलणं मला पुन्हा सावकाश सांगायची. चिटणीस म्हणाला की अंक आता बंद करावा, सगळे फोनवर असतातच, ग्रुपवर आवाजातच निरोप टाकत जाऊ. आवाजात. मी विचारलं, मग मी काय करू? चिटणिसानं काकड्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. मी म्हणालो, छपाईची अडचण आहे का? नाही. टाइप करायचं काम कुणाला करायचंय? तेही मीच करतो. मग बिघडलंय कुठं? एक जण काकडीला मीठ लावत राहिला. माझा तोल गेला. मी म्हणालो, ताकाला जाऊन भांडं लपवू नका, मी बहिरा आहे, आंधळा नाही. तुम्हाला माझं एकच पान बंद करायचंय आणि ते का, हे सांगायची हिंमत नाही. मी किती मोठ्यानं बोलत होतो ते मला कळत नव्हतं. बायकोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा कळलं.

भिगवणचा उठला. माझ्यासमोर उकिडवा बसला, चेहरा माझ्या चेहऱ्यापुढं आणला आणि एकेक शब्द सुटा करत बोलला.

"तात्या, तुमी ऐकतच न्हाय आता. आमी बोलत असतो, त्यावर तुमी बोलता."

मी म्हणालो, "मी रेघ बघून बोलतो."

"रेघ मागनं येती तात्या. तुमास्नी मोकळं दिसतं, तवर हितं कुनी तरी बोलाया लागल्यालं असतं. तुमचा अँटेना सगळ्यांत मोठा. आमी चेंगरतो. समदा वेळ तुमीच."

"किती दिवस?"

"लई दिवस."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगायचं? तुमीच शिकिवलंय आमाला."

मी चिटणिसाकडे बघितलं. तो खाली बघून म्हणाला, आणि हे मला बायकोनं सांगितलं, की पानावर खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहायचं धाडस नाही, म्हणून लिहिणंच सुटलं. सुरुवातीला ‘स्पष्ट’ लिहिलं ते खरंच होतं. माझा आवाज स्पष्टच होता. दुसरा कुणाचा आवाज नव्हता, एवढंच.

म्हणजे अंक ग्रुपमुळे मरत नव्हता, फोनमुळे नाही, आळसामुळे नाही. अंक माझ्यामुळे मरत होता. जे एकच पान मला ऐकू येत होतं, त्याच्यावर मीच बसलो होतो आणि ही माणसं मला उठा म्हणू शकत नव्हती. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला काहीच आलं नाही. गाडीत बायको काही तरी बोलत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही, त्यामुळे ते काय होतं मला माहीत नाही.

निघताना मी एवढंच म्हणालो होतो, की अंक चालू ठेवा, मी बोलणं बंद करतो. कुणीही ‘तसं नको’ म्हटलं नाही. एकानं तरी म्हणावं असं मला फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी माइक काढला आणि दुकानातल्या जुन्या खोक्यात टाकला. गच्चीवरचा अँटेना तसाच ठेवला, तो उतरवायला अंगात जोर नव्हता. उपग्रहाची वेळ झाली की मी गच्चीत जाऊन उभा राहायचो, नुसता वर बघत. बायको दोनदा येऊन हाताला धरून खाली घेऊन गेली. तिला काय भीती वाटत होती ते ती बोलली नाही. मला माहीत होतं, आणि तिची भीती अगदीच खोटी नव्हती.

मग नोंदी आल्या. एवढ्या आल्या की पान पुरेना, एक पान वाढवावं लागलं. भवानीनगरनं पाठवल्या, कन्हेरीनं पाठवल्या. माणसं एकमेकांना ऐकत होती. कुणाच्या मागे कोंबडा, कुणाचा घसा, कुणाच्या पोराचा पहिला प्रयत्न. मी सगळ्या टाइप केल्या. गलबला परत आला होता, पूर्वीपेक्षा मोठा. माझ्या जाण्यानं तो आला होता आणि तो ऐकणारा सगळ्यांत हावरा माणूस मीच होतो.

शेवटी भिगवणचा कागद राहिला होता. त्यानं सगळ्या गावांचं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती, ‘बारामती ऐकू आली न्हाय. पाण्यावर उभं राहून वाट बघितली.’

मी ती ओळ किती वेळ बघत होतो ते सांगता येणार नाही. बायकोनं चहा आणून ठेवला आणि निवलेला परत नेला. त्या पानावर जे ऐकलं तेच लिहायचं, न ऐकलेलं लिहायचं नाही. याच नियमासाठी ही माणसं एवढे महिने गप्प बसली होती. तेव्हा माझ्यासाठीसुद्धा त्यांनी तो मोडला नव्हता, आता भिगवणच्यानं एका ओळीपुरता मोडला होता. मग तो मी माझ्यासाठी मोडायचा?

मी ती ओळ खोडली. अंक छापखान्यात दिला.

आता त्या पानावर मी नाही, आणि त्या पानाशिवाय मला दुसरं काही ऐकू येत नाही.