पाठमोरा नायक

मार्गशीर्षातल्या दुपारी भोरमध्ये ऊन असं पडतं, जणू कुणी ते चाळून, पाखडून मग अंगणात पसरलं आहे. त्या उन्हाला नव्या भाताचा गोडसर वास असतो, आणि त्या दिवशी तो थेट घरातच होता, कारण पालीहून माझी थोरली बहीण, आक्का, एसटीने तांदळाचं गाठोडं घेऊन आली होती. अशा सुगंधी, सुस्त वेळी मी मात्र एका दरीत कोसळत होतो. पुन्हा पुन्हा, आणि निव्वळ स्वतःच्या अंगठ्यांच्या कृपेने.

दरी माझ्या मुलीने बनवलेली. सायली पुण्यात मित्रांबरोबर एक व्हिडिओ गेम तयार करते आहे: धुक्यातला डोंगरी मुलूख, आणि त्यातून पळत, उड्या मारत, तलवार चालवत जाणारा एक तरुण, ज्याच्या पाठोपाठ आपली नजर तरंगत जाते. सोमवारी तो गेम बाजारात आणू शकणाऱ्या एका कंपनीला दाखवायचा होता. मित्र म्हणत होते, झालाय तयार. सायलीला खात्री वाटत नव्हती. जन्मात कधी गेम न खेळलेल्या माणसाला दरीवरचा पहिला साकव ओलांडता आला तरच तो तयार, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं, आणि असा कोरा करकरीत अडाणी तिला भोरच्या घरातच उपलब्ध होता, म्हणून ती आली होती.

हातातल्या त्या यंत्राला दोन अंगठ्यांसाठी दोन दांड्या. डावीने माणूस चालतो, उजवीने आपली नजर फिरते. ऐकायला किती निर्मळ! पण माणूस चालू लागला की नजर मागे रेंगाळते, नजर वळवावी तर मघाची समोरची दिशा एकाएकी बाजूची होते, आणि आभाळ पाहावं म्हणून दांडी वर ढकलली की दिसते जमीन. उडीचं आणि तलवारीचं बटण शेजारी-शेजारी. त्यामुळे साकवाच्या तुटक्या टोकाशी, उडी मारायची तिथे, मी मोठ्या आवेशाने हवेवर वार केले आणि शांतपणे खाली गेलो.

आक्का तांदूळ निवडता निवडता हे पाहत होती.

"बाळू, किती फिरवतूस रं त्याला," ती म्हणाली, "घेरी यील की गड्याला."

सायली हसली नाही. मला काहीही सुचवायचं नाही हा तिचाच नियम होता. ती ओठ मिटून माझ्या अंगठ्यांकडे पाहत होती.

माझी पंचाईत अशी, की मी किकवीपासून वेल्ह्यापर्यंत जत्रांच्या नाटकांत तोंडाला रंग फासून उभा राहिलेला माणूस. तिथला पहिला धडा, प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही. आणि हा नायक जन्मापासूनच पाठमोरा! पुन्हा साकवाशी आलो तेव्हा, मरायचंच तर चेहरा दाखवून मरावं, म्हणून सवयीने मी डावी दांडी स्वतःकडे ओढली. तो वळला. डोळ्यांच्या जागी उथळ खाचा होत्या, नाकाचा पुसट उंचवटा होता, आणि तोंड नव्हतंच. मी थबकलो, तोही थबकला.

"तिकडून कुणी बघत नाही, बाबा," सायली पहिल्यांदाच बोलली. "सगळे पुढेच पळतात."

पुढे म्हणजे नेमकं कुठे, हे विचारण्याआधीच माझा अंगठा सरकला आणि नायक आणि मी, दोघेही दरीत होतो.

तेव्हा तिने मला विचारलं, "खरं सांगा. तुम्हाला जमत नाहीये, की माझंच चुकलंय?"

रंगमंचावर अशा वाक्यानंतर टाळीचं वाक्य येतं. इथे मात्र तिचा धीर वाढवावा तर खोटं ठरेल, दोष द्यावा तर कशाच्या आधारावर?

"मला नाही कळत गं," मी म्हणालो.

ती फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेली. सोमवारचं रद्द करा, अजून झालेला नाही, एवढंच ती बोलली. पलीकडे बराच वेळ मित्र बोलत असावेत, कारण ती ऐकतच राहिली. आक्काचा हात सुपात थांबला होता. मुलीचा सोमवार मी बुडवला होता की वाचवला होता, मला आजही उमगलेलं नाही.

परत येऊन ती माझ्या शेजारी जमिनीवरच बसली. चेहरा उतरला होता, आवाज मात्र शांत होता.

"आता पुन्हा पडा," ती म्हणाली. "पण या वेळी, तुम्हाला कुठे जायचं होतं, ते बोलत पडा."

आयुष्यभर अखंड बोलत आलेल्या मला, त्या कलत्या उन्हात, प्रथमच कुणी विचारत होतं, की कोसळण्याच्या क्षणी माझ्या मनात कोणती दिशा होती. आणि मी प्रामाणिकपणे आठवू लागलो.