वरच्या मजल्यावरची शिट्टी

जर्मनीत रस्ता चुकणं तसं अवघड आहे. जागोजागी पाट्या आणि बाण असतात, तरीही चुकलात तर कोणीतरी हातातली पिशवी खाली ठेवून शांतपणे समजावून सांगतं. पण माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे दादा या सगळ्यांना पुरून उरत. त्यांच्याबरोबर मी सरळ रस्त्यावर चुकलो आहे. एकदा लिफ्टमध्येही चुकलो आहे, पण त्यात थोडा दोष माझाही असावा.

दादा सांगलीचे. मास्टर्स संपवून नोकरी शोधत होते, आणि महाराष्ट्रातून कोणी आमच्या विद्यापीठात नवीन आलं की त्याला आणायला स्वतःहून विमानतळावर जात. मलाही तेच आणायला आले. माझ्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे पुढं काय असतं हे विचारायला घरी कोणी नव्हतं. दादा भेटले आणि वाटलं, चला, आता विचारायला माणूस झाला. रेल्वेगाडीत बसल्यावर त्यांनी मला कुठला कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा इथपासून सगळी जर्मनी सांगायला घेतली. मध्येच घोषणा झाली. काय म्हणाले, असं मी भीत भीत विचारलं. "आल्झो," दादा म्हणाले (आपण बोलायच्या आधी 'तर' म्हणतो, तसा हा त्यांचा शब्द), "दाराला टेकू नका म्हणतायत." मग पुढच्या डब्यात ऐसपैस जागा आहे का बघतो म्हणून ते एका जंक्शनवर उतरून पुढं गेले. घोषणा खरं तर अशी होती की या जंक्शनवर गाडीचे दोन भाग होतील, पुढचे डबे आमच्या गावाला जातील आणि मागचे भलतीकडेच. पुढचा भाग सुटला. खिडकीतून दादा मला हातानं 'बसून राहा' अशी खूण करत निघून गेले. मी विश्वासानं बसून राहिलो आणि दोन बॅगांसह अशा एका स्टेशनवर उतरलो, जिथं माझ्याकडे बघायला कुंपणापलीकडच्या गायी सोडून कोणी नव्हतं. बऱ्याच वेळानं दादा मागोमाग आले. म्हणाले, "बघ, गाडी कशी तुटते ते आता तुझ्या कायमचं लक्षात राहील." राहिलं.

त्यांच्या जर्मनचा सगळा भार 'गेनाऊ' या एका शब्दावर होता. म्हणजे 'अगदी बरोबर'. समोरचा काहीही बोलला की ते मान हलवून गेनाऊ म्हणत. अजिबात समजलं नसेल तर जरा जास्त जोरात म्हणत. एकदा इमारतीची देखभाल करणारे गृहस्थ जिन्यात त्यांच्याशी बराच वेळ बोलले, दादांनी प्रत्येक वाक्याला गेनाऊ म्हटलं, आणि दुसऱ्या सकाळी त्यांच्या दाराशी बर्फाचं फावडं उभं होतं. त्या हिवाळ्यात इमारतीसमोरचा सगळा बर्फ दादांनी काढला. आपण कशाला होकार दिला हे त्यांना बर्फ वितळायच्या सुमारास कळलं. मी म्हटलं, निदान आता तरी नाही म्हणून सांगा. तर म्हणाले, "समोरच्या आजी रोज खिडकीतून हात करतात रे. कसं सोडायचं?"

रविवारी इथं आवाज करत नाहीत. दादांना मात्र रविवारी कुकरमधला वरणभात लागायचा. यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की कुकर लावण्याआधी खाली उतरून प्रत्येकाचं दार वाजवायचं आणि बोटं दाखवून तीन शिट्ट्या होतील असं सांगून यायचं. दार वाजवण्याचा आवाज शिट्ट्यांपेक्षा जास्त व्हायचा, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. पण लोक सरावले. एका रविवारी दोनच शिट्ट्या झाल्या, तेव्हा तळमजल्यावरचे आजोबा जिने चढून वर आले आणि तिसरीची चौकशी करून गेले.

अशा या दादांची नोकरी शोधायची मुदत संपत आली. हेर्त्सोगेनआउराखच्या एका छोट्या कंपनीत मुलाखत होती. ही गेली तर परत जाणं आलं. त्यांना एकटं पाठवायला माझा जीव होईना, म्हणून मीही निघालो. वाटेत गाडी तुटणार होती, म्हणून आम्ही दोनदा खात्री करून पुढच्या भागात बसलो. फलाटावर मुलाकडे निघालेले पुण्याचे एक काका-काकू भेटले होते. दादांनी त्यांनाही आमच्या मागून यायला सांगितलं होतं, पण काका खिडकीची जागा बघत मागच्या डब्यात शिरले. हे कळलं तेव्हा जंक्शन आलेलं. मी म्हणालो, "दादा, मुलाखत तुमची आहे, मी जातो." कुठल्या दारानं उतरावं याचा मी विचार करेपर्यंत दादा फलाटावरून पळतही सुटले होते. त्यांनी काका-काकूंना धावत आणून आमच्या डब्यात चढवलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, तुमच्या गोळ्यांची पिशवी तिकडंच राहिली." दादा वळले. आमची दारं बंद झाली. ते पिशवी उंच धरून फलाटावर उभे होते आणि मला खूण करत होते, बसून राहा.

"आम्हाला चुकीच्या डब्यातून काढलं आणि स्वतः तिथंच राहिला," काका गोंधळून म्हणाले. "असं कसं?"

"तुम्ही खिडकी खिडकी केलीत म्हणून," काकू म्हणाल्या आणि स्टेशनवर मुलगा भेटल्यावर त्यालाही हेच सांगितलं.

या वेळी मी बसून राहिलो नाही. बसनं कंपनीत गेलो आणि स्वागतकक्षातल्या बाईंना, वाटेत पाठ केलेल्या जर्मनमध्ये, काय झालं ते सांगितलं. त्या बरंच काही बोलल्या. मला एकही शब्द कळला नाही आणि माझ्याच तोंडून निघालं, "गेनाऊ." पुढं उलगडलं की, साहेबांची बैठक संपेपर्यंत तुमचे मित्र दुपारभर थांबतील ना, असं त्यांनी विचारलं होतं. दादा पिशवी छातीशी धरून आले, थांबले आणि मुलाखत देऊन बाहेर आले.

"आल्झो, बरी झाली," ते म्हणाले. "आज मी एकदाही गेनाऊ म्हणालो नाही. समजलं नाही तिथं 'परत सांगा' म्हणालो."

परतताना आम्ही गोळ्यांची पिशवी काकांच्या मुलाकडे पोचवली. काही दिवसांनी नकार आला. मुलाखतीत काय कमी पडलं ते दादांना कळलं नाही, मला तर नाहीच. "काकांच्या गोळ्या पोचल्या ना," एवढंच ते म्हणाले. विमानतळाच्या गाडीत मी त्यांना योग्य भागात बसवलं. घोषणा झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हणालो, दाराला टेकू नका म्हणतायत.

पुढच्या रविवारी दार वाजलं. तळमजल्यावरचे आजोबा होते. त्यांनी वर बोट दाखवलं. दादा घरी गेले, असं मी सांगितलं. ते काहीतरी बोलले, मला समजलं नाही. मी म्हणालो, परत सांगा. त्यांनी सावकाश सांगितलं: मग रविवार झाला हे आता कळायचं कसं?

दादांचा कुकर त्यांनी जाताना मला दिला होता. मी डाळ धुऊन लावली. आजोबा स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. दोन शिट्ट्या व्यवस्थित झाल्या. तिसरी बराच वेळ येईना, आणि आम्ही दोघं कुकरकडे बघत राहिलो.