पाहुण्याचा हाल

नवऱ्याचा ऑफिसातला मित्र बलुच आहे. आजोबा बलुचिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्यावरचे, हा वाढला मस्कतला, आता इथं सिंगापुरात, तांजोंग पगारच्या ऑफिसात माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसतो. घरी बलुची, आमच्याशी हिंदी. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हाच म्हणाला, "भाभी, आमच्यात पाहुण्याला पाणी दिलं की हाल विचारतात. मग त्यानं कुठून निघालो, वाटेत कोण भेटलं, काय घडलं, सगळं सांगायचं. वाळवंटात बातम्या अशाच पोचायच्या. हालात खोटं बोललं की अब्रू गेली."

मी मनात म्हटलं, देवच पावला!

कारण नवऱ्याची साखर. डॉक्टरांनी बजावलेलं, अशीच राहिली तर इन्सुलिन. आणि साहेब रोज घरी येऊन सांगणार, "दुपारी? फक्त सॅलड." सॅलड खाऊन कुणाची पँट घट्ट होते हो?

पुढच्याच शुक्रवारी मित्राला परत बोलावलं. पाणी दिलं आणि गोड आवाजात म्हणाले, "भाईसाब, हाल सांगा." नवऱ्याचा चेहरा पडला. पाहुणा मात्र ताठ बसला, खाकरला आणि सुरू झाला. सकाळी एमआरटीची गाडी अडकली. मस्कतला आईचा गुडघा दुखतोय. मामाच्या होडीला नवं इंजिन बसलं. मग आली दुपार. "जेवायला हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर गेलो. याने नूडल्स खाल्ल्या, मग गुळाच्या पाकातलं चेंडोल, मग माझंही चेंडोल. आणि आत्ता हा मला टेबलाखालून लाथा मारतोय."

"बाबा, यू आर सो डेड लाह!" लेक किंचाळली. मी हसून हसून बेजार.

"आता तुमचा हाल, भाभी," पाहुणा म्हणाला. "घेतला की द्यावाही लागतो."

ही अट मला कुठे ठाऊक होती! 'मजेत' म्हणून मोकळी होणार होते. पण तो खरंच ऐकायला थांबला होता. इथं सगळे "ओके ना?" विचारतात आणि लिफ्टमध्ये शिरतात.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "माझ्या वडिलांची नजर याच साखरेनं गेली. शेवटी ते माझा चेहरा हातांनी चाचपायचे. मला ते पुन्हा बघायचं नाहीये."

वडिलांना दिसत नव्हतं, हे नवऱ्याला माहीत होतं. मी इतकी घाबरलेय, हे नव्हतं.

पाहुणा त्याच्याकडे वळला. "आता तू."

नवऱ्यानं पाण्याचा ग्लास बाजूला सारला.

"तू ऑफिसात वर गेल्यावर मी आणखी एक चेंडोल खाल्लं," तो मित्राला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मलाही भीती वाटते गं. भीती वाटली की मी गोड खातो."