मैदान बारा वाजता वर येतं

पाच किलोची गुळाची ढेप पिशवीत घालून मी कोल्हापूरहून वसईच्या बसमध्ये चढलो. सोडायला आलेली बायको म्हणाली, "मॅच बघायला चाललाय की सोयरीक जमवायला?" मी म्हटलं, मॅच, आणि तीही मुलींची. ती म्हणाली, मग गूळ कशाला? आता कोल्हापूरचा माणूस डिसेंबरात, गुऱ्हाळं चालू असताना, कुणाकडे रिकाम्या हातानं जाईल का?

बोलावणं अजितचं होतं. अजित आणि मी एका तालमीकडून खेळलो. आपल्याकडे पेठेची तालीम म्हणजे पेठेचा फुटबॉल संघ, हे तुम्हाला सांगायला नको. पुढं बँकेच्या नोकरीपायी तो वसईला गेला, एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला आणि आता सुट्टीच्या दिवशी मुलींची फुटबॉल अकादमी चालवतो. फोनवर तो म्हणाला, "माझ्या गोलकीपरला बेंगळुरूच्या मोठ्या क्लबनं बोलावलंय. राहणं, शिक्षण, सगळं तिकडे. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत उत्तर द्यायचंय आणि पोरगी तोंड उघडत नाही. तू तालमीच्या कमिटीवर आहेस, असले निकाल तू रोज लावतोस. ये."

हे ऐकून माझी कॉलर ताठ झाली. आदल्याच आठवड्यात आमच्या संकेतला पुण्याच्या एका क्लबनं विचारलं होतं. आम्ही पाच जण चहाला बसलो आणि चहा संपायच्या आत ठरवून टाकलं, की यंदा सीझन आपल्याकडूनच खेळायचा. संकेतला तसा निरोपही गेला.

पहाटे बसनं वसई फाट्याला हायवेवर सोडलं. अजितनं बजावलं होतं, की उतरलास की थेट घरी ये. पण मला सुचलं भलतंच. म्हटलं, त्याच्या आधी मैदानावर जाऊन बसू, गड्याला चकित करू. मैदान पाचूबंदरला आहे एवढं माहीत होतं. रिक्षावाला म्हणाला, "पाचूबंदरला ग्राउंड? काका, तिकडे मच्छी आहे, बोटी आहेत. ग्राउंड कुठे बघितलं नाय." मी म्हटलं, तू चल तर.

पूर्वेच्या इमारती मागं पडल्या आणि पश्चिमेला आलो तसं गावच बदललं. केळीच्या बागा, विहिरी, कौलारू घरं आणि घराघरावर नाताळचे कागदी तारे टांगलेले. थंडीत समुद्राचा वास आधी आला, मग किल्ल्याची काळी तटबंदी दिसली, मग बोटी. मी पोरासारखा रिक्षातून अर्धा बाहेर निघालो होतो. बंदरावर उतरलो, ढेप खांद्यावर घेतली आणि मैदान शोधायला लागलो. समोर होतं ते नुसतं पाणी.

जाळं शिवत बसलेल्या एका माणसाला विचारलं, "फुटबॉलचं मैदान कुठं आहे हो?"

त्यानं सुई न थांबवता समुद्राकडे हनुवटी केली. "ते काय. पान्याखाली हाय. बारा वाजता वर येल."

मला वाटलं, परगावचा बघून थट्टा करतोय. तो म्हणाला, "आज नवमी हाय ना. सकाली भरती, दुपारी ओहोटी. पोरी रेतीवर खेळतात. मास्तरनी तुमाला सांगितला नाय?"

मास्तर म्हणजे अजित. थेट घरी ये असं त्यानं सांगितलं होतं, मीच शहाणपणा केला होता. नंतर अजितनं त्याचं वेळापत्रक दाखवलं. त्यात घड्याळाच्या वेळा नव्हत्याच. अष्टमी, नवमी, दशमी आणि पुढं 'जेवायच्या आधी', 'जेवल्यावर लगेच'. सुरुवातीला नवीन नवीन असताना त्यानं सगळ्या मुलींना रोज सकाळी सातची वेळ दिली होती. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी गोलपोस्ट वाहून गेला. तेव्हापासून तो तिथी बघतो.

जाळं शिवणारा माणूस पास्कल. बोटीवरचा तांडेल (बोटीचा प्रमुख, समुद्रावर ज्याचा शब्द शेवटचा). भांगाचे दिवस (भरती कमी असते तो काळ) असल्यामुळे बोटी बंदरात होत्या. त्याच्या बायकोनं, मॅगीबाईंनी, चहा आणला. मी गुळाची ढेप तिथंच देऊन मोकळा झालो. अजितसाठी आणली होती खरी, पण खांदा माझा दुखत होता.

बोलता बोलता कळलं, की जिच्यासाठी मी आलो ती गोलकीपर याचीच मुलगी, जसिंता. वय सतरा.

बाराच्या सुमाराला खरंच मैदान वर आलं. पाणी मागं सरकलं, ओली घट्ट रेती उघडी पडली, मुलींनी बांबूचे गोल रोवले आणि अजित शिट्टी फुंकत आला. मला बघून आधी चकित झाला, मग हसून लोटपोट झाला. आणि मग मी जसिंताला खेळताना पाहिलं. अहो, काय सांगू! उंची बेताची, पण चेंडू कुठं येणार हे तिला मारणारीच्या आधी कळत होतं. डावीकडे झेपावून एका हातानं काढलेला एक चेंडू बघून मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो, की बंदरावरची कुत्री भुंकायला लागली. तीस वर्षं गोलमागं उभा राहून मॅचेस बघतोय, असे हात फार नाही पाहिले.

तिच्या गोलमागं चेंडू आणून द्यायला एक बारीक चष्मेवाली मुलगी उभी होती. ती तन्वी, एव्हरशाईन सिटीची, चौदा वर्षांची, दुसऱ्या नंबरची गोलकीपर. "दोन वर्षांत मॅच एकही मिळाली नाही," अजित म्हणाला. "जसिंता कधी आजारीच पडत नाही."

दुपारी जेवायला पास्कलकडे. तळलेले बोंबील, कोलंबीचं कालवण आणि फुगे (मैद्याचे तळलेले गोल पाव). कालवण आपल्या तांबड्या रश्श्यापुढं मवाळच, पण मी तीनदा घेतलं. जेवता जेवता अजितनं विषय काढला. "पास्कलभाऊ, तुम्ही एकदा सांगून टाका, जा किंवा नको जाऊ. तुमचा शब्द ती मोडणार नाही."

पास्कलनं काटा बाजूला काढला. "म्हनून तर मी बोलत नाय. बोटीवर तांडेल एकच असतो. हिच्या बोटीवर ही."

"अहो, पण पोर आहे ती."

"तांडेलपन पैले सगल्यांना इचारतो, मास्तर. इंजिनवाल्याला एक सवाल, जालीवाल्याला एक सवाल. मंग जाऊन एकटा नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) बसतो. नंतर बोलला का संपला. बोटीचा मालकपन काय बोलत नाय."

जसिंता इतका वेळ खाली मान घालून जेवत होती. तिनं मान वर केली आणि खरोखरच सुरुवात केली.

"मम्मी, मी गेले तर किती दिवस रडशील?"

मॅगीबाई म्हणाल्या, "आठ दिवस." मग विचार करून म्हणाल्या, "लगीन होऊन गेलीस तरी तेवडीच रडनार हाय."

"सर, मी गेले तर टीम हरेल?"

अजित खोटं बोलला नाही. "पहिल्या दोन-तीन मॅच हरू."

मग ती माझ्याकडे वळली. मी याच क्षणाची वाट बघत होतो. तिनं विचारायच्या आधीच मी सुरू झालो. अजित म्हणतो, तिकडे आधीच दोन गोलकीपर आहेत, तू तिसरी, म्हणजे बाकावर बसून कुजणार. इथं प्रत्येक मॅच खेळतेस. आपल्या माणसांत खेळण्यासारखं सुख नाही. आमच्या संकेतचंच बघ, आम्ही चहा संपायच्या आत निकाल लावला, पोरगा राहिला. बोलताना मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, तो संकेत काय म्हणाला?"

"कधी?"

"म्हणजे तुम्ही विचारलं तेव्हा. त्याला जायचं होतं की नव्हतं?"

मी पाण्याचा तांब्या उचलला. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी खरं तेच सांगितलं, "आम्ही त्याला विचारलंच नाही गं." मॅगीबाईंनी न विचारता माझ्या ताटात चौथ्यांदा कालवण वाढलं. त्या दिवशी मी पुढं फार बोललो नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की हे किती अवघड आहे.

रविवार, दशमी. चर्चमधली मिस्सा (रविवारची प्रार्थना) झाली, जेवणं झाली आणि एकच्या पुढं मैदान वर आलं. विरारच्या एका संघाबरोबर मॅच होती. सहाला फोन करायचा होता आणि जसिंतानं अजून होय म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. अजित नखं खात होता. खरं सांगायचं तर मीही.

पहिला हाफ शून्य-शून्य. मध्यंतरात जसिंता तन्वीजवळ गेली. मी शेजारीच पाण्याची बाटली घेऊन उभा होतो.

"तन्वी, मी गेले तर तू उभी—"

"हो!" तन्वी म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आत. मग आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे सॉरी दीदी, तू जाऊ नको, पण म्हणजे, हो."

जसिंता आधी बघत राहिली, मग खदखदून हसली. अजितला म्हणाली, "सर, सेकंड हाफ तन्वी."

"आज? मॅच हरलो म्हणजे?"

"मला बघायचंय."

आणि काय पाहिलं म्हणता! त्या बारक्या पोरीनं पहिलाच फटका डाव्या हातानं बाहेर काढला, थेट जसिंताच्या पद्धतीनं. दुसरा पायात शिरून पकडला. चष्मा रेतीत, तोंडात रेती, पण चेंडू छातीशी. दोन वर्षं गोलमागं उभी राहून तिनं एकेक हालचाल उचलली होती. जसिंता रेषेबाहेरून पळत ओरडत होती, "पुढे ये! पुढे ये तन्वी!" आणि मी तिच्यामागं पळत होतो, चपला हातात घेऊन. शेवटच्या मिनिटांत एक गोल बसला आणि आम्ही हरलो. हरल्यावर एवढा आनंद झालेला संघ मी आयुष्यात पाहिला नाही.

मॅच झाल्यावर जसिंता वडिलांच्या बोटीवर जाऊन नाळेवर एकटी बसली. पास्कल जेट्टीवर जाळं घेऊन बसला होता, पण सुई चालत नव्हती. मागून भरती चढत होती, मैदान अर्धं गेलं होतं. सहाला दहा मिनिटं कमी असताना ती उतरून आमच्याकडे आली.

"काका म्हणाले बाकावर कुजायला होतं," ती म्हणाली. "तन्वी दोन वर्षं माझ्या मागे बाकावर होती. ती कुठे कुजली? ती तर माझ्याएवढी झाली आणि मला कळलंपण नाही. तिकडे मी तन्वी होणार. मी जाते."

पास्कल फक्त म्हणाला, "बोलला का संपला." मग जाळ्यात तोंड घालून बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. मॅगीबाईंचे आठ दिवस तिथंच सुरू झाले. जेट्टीवर रेंज नव्हती, त्यामुळे फोन लावायला आम्ही सगळे घोळक्यानं चर्चच्या चढापर्यंत पळालो, आणि हो म्हणायला तिला तीनदा ओरडावं लागलं.

येताना मॅगीबाईंनी केळीच्या पानात बांधलेली सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) दिली. बसमध्ये मला झोप लागली नाही. मोठ्या आनंदानं मी निकाल लावायला गेलो होतो आणि एका सतरा वर्षांच्या पोरीनं एका प्रश्नात माझाच निकाल लावला होता. राग येत नव्हता, हसू येत होतं आणि थोडी लाजही वाटत होती.

कोल्हापुरात उतरलो तो घरी न जाता मैदानावर गेलो. संकेत एकटाच पळत होता. त्याला थांबवलं आणि म्हटलं, "संकेत, त्या पुण्याच्या क्लबचं आम्ही परस्पर ठरवलं. पण तुला जायचं आहे—"

"हो," तो म्हणाला. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत.

उद्या कमिटीची बैठक पुन्हा बोलावली आहे. या वेळी संकेतही असेल. कमिटीतल्या बाकी चौघांना आणि मला पुरतील एवढी सुकेळी राखून ठेवली आहेत. चावायला चिवट असतात. पोरगं बोलून होईपर्यंत आमची तोंडं गुंतलेली राहतील.