मंडळीचा फोटो

फोटो धुवायच्या हायपोचा आंबट वास आला की मला कासारवाडीचं ते पत्र्याचं छोटं चर्च आठवतं. पिंपरीकडे नवे कारखाने येऊ लागले होते तेव्हाची ही गोष्ट. आजूबाजूच्या वस्तीबरोबर चर्चची जागाही कारखान्यात गेली होती आणि मोडायच्या आधी एक फोटो असावा म्हणून तिथल्या पाळकांनी शेवटच्या रविवारी मला बोलावलं होतं. उपासना संपली तरी माणसं दारातून हलेनात. पत्रा उन्हानं तापला होता, आतून विझलेल्या मेणबत्त्यांचा वास येत होता आणि मागून मालगाडी रेंगाळत चालली होती. मला क्रूस आणि दार नीट दिसायला हवं होतं, म्हणून कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालूनच मी म्हणालो, "मंडळी, जरा बाजूला व्हा." कुणी हललं नाही. पाळक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "आमच्यात चर्चलाच मंडळी म्हणतात. ती बाजूला केलीत, तर उरतील ते नुसते पत्रे." मग मी सगळ्यांना पायऱ्यांवर दाटीनं उभं केलं आणि हलू नका म्हणालो. पुढची एक म्हातारी मात्र रडताना हललीच. पुन्हा काढू म्हटलं, तर डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "ऱ्हाऊ दे, भाऊ. कोण नगरला चाललंय, कोण मुंबईला. आमी आता पुन्हा एका जागी कुठं उभं ऱ्हातोय?" त्या फोटोची एक प्रत अजून माझ्यापाशी आहे. चर्च म्हणून त्यात दिसतो तो माणसांच्या डोक्यांवरचा क्रूस तेवढा, आणि पुढे ती म्हातारी, चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर डाग.