घरीच आहे

पोरगा काय करते, असं कोणी विचारलं की आमच्याकडे दोनच उत्तरं आहेत. एक, "बाहेर आहे." दुसरं, "घरीच आहे." बाहेर म्हणजे पुणे, नागपूर, हैदराबाद, सुरत, काहीही चालतं. तिथं तो कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा असो की कोणाच्या हॉटेलात भांडी घासत असो, तो 'बाहेर' असतो आणि त्याच्या आईची मान ताठ असते. आणि घरी म्हणजे रिकामा. वाया गेलेला. त्यात तो 'च' लावतात ना, घरीच, त्या 'च'नं माझ्या डोक्यात सणक जाते.

माझा धाकटा भाऊ घरीच होता.

आता घरीच होता म्हणजे काय करत होता ते सांगते. बोदलकसा तलावाच्या बाजूला माझं माहेर. बाबा गेले तेव्हा हा कॉलेजात होता, ते सोडून यानं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, हाती घेतल्या. पावसाळ्यात धान, धानाच्या मागून लाखोरीची डाळ, घरी दोन म्हशी, आईचं गुडघ्याचं दुखणं. गावात कोणाची मोटर जळली, कोणाची म्हैस अडली, कोणाच्या लग्नाचा मांडव घालायचा, की हाक यालाच. सकाळी उठला की थेट रात्री जेवतानाच टेकायचा. पण लग्नाच्या बैठकीत विचारलं की आमचा मामा खाली मान घालून सांगायचा, "घरीच आहे जी." अरे बापा, एवढं काम करून माणूस घरीच कसा असतो?

मी तिरोड्याला दिलेली. नवरा विजेच्या प्लँटमध्ये. स्कूटी काढली की माहेर जवळ, म्हणून प्रत्येक मुलगी पाहायला मला जावंच लागायचं. किती ठिकाणी पोहे खाल्ले ते आता मी मोजत नाही. पोहे सगळीकडे चांगले होते, नकारही सगळीकडे गोड होता. "पोरगा चांगला आहे जी, पण..." त्या 'पण'च्या पुढे कोणाला काही बोलायची गरजच नव्हती.

एक घर मात्र मला डोळ्यांपुढे दिसतं. कोहमाऱ्याच्या पलीकडचं गाव. मुलीचा बाप आम्ही आलो तेव्हा शेतातच होता. निरोप गेला तसा आला, पोटरीपर्यंत चिखल, हातपंपावर पाय धुतले आणि टॉवेलनं तोंड पुसत खाटेवर बसला. माझ्या भावाशी त्याचं काय जुळलं! धानाच्या रोपांना आम्ही पऱ्हे म्हणतो. त्याचे पऱ्हे पिवळे पडले होते. दोघं उठून पऱ्हे पाहायला गेले, परत आले, पुन्हा तेच बोलणं. मुलीनं चहा आणून ठेवला आणि आत गेली. मला वाटलं, झालं, देवी पावली.

मग तो बाप म्हणाला, "पोरगा सोन्यासारखा आहे जी. पण आमाले बाहेरवाला पाहिजे."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, तुमी सोता काय करता?"

"मी?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच खुळी. "मी त घरीच आहो."

आणि लाज नाही, शरम नाही, हसला. मामानं माझ्या हाताला चिमटा काढला. परतताना मी रस्ताभर बडबडत होते आणि भाऊ गाडी चालवत होता. शेवटी म्हणाला, "बाई, त्याईचे पऱ्हे वाचतीन. काय टाकाचं ते मी सांगून आलो." मला हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर मामानं तोडगा काढला. तोडगा काही त्याच्या डोक्यातला नव्हता, आमच्याकडे आता ही रीतच पडली आहे. लग्नाआधी हळद लावतात, तशी हळदीच्याही आधी पोराला पुण्याची नोकरी लावतात. वर्षभर जा, कंपनीचं कार्ड गळ्यात घाल, फोटो काढ, मुलगी मिळव आणि मग ये परत. मामा आईला म्हणाला, "लग्नापुरतं जाऊ दे ना त्याले. कोण जलमभर धाडून राहिलं?"

मी भांडले. अशी भांडले की शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, जो माणूस इथं धड उभा आहे त्याला उपटून तिकडे लावायचं, आणि मग पुन्हा उपटून इकडे? असा पऱ्हा तरी जगतो का? आई चुलीपाशी बसली होती. मी थांबल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "तुह्या बापानं तुले कायले प्लँटवाल्याले देलं? गावात शेतीवाले पोट्टे नवते का?"

मी स्कूटी काढली आणि तिरोड्याचा रस्ता धरला.

भाऊ गेला तो ऐन रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, तोंडावर. कोहमाऱ्याच्या चौकातून रायपूरकडून येणाऱ्या पुण्याच्या ट्रॅव्हल्स मिळतात, म्हणून संध्याकाळी आम्ही तिथं धाब्यावर चहा घेत थांबलो. तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. छत्तीसगडची माणसं खाली उतरली, बायाच जास्त, डोक्यावर गाठोडी, हातात तांदळाच्या पिशव्या. आमच्या भागात रोवणीला आता तेच लोक येतात, कारण आमचे रोवणारे बाहेर असतात. भावाची जीभ गप्प बसते होय? त्यांच्या मुकादमाला विचारलं, "आपका खुद का खेत नहीं है क्या?"

"है ना भैया. परती पड़ा है."

"पडीक? काऊन?" त्याच्या तोंडून आपलीच बोली निघाली.

"आदमी नहीं मिलते उधर."

भाऊ इतका हसला की चहा सांडला. मी नाही हसले. मला त्या मुकादमाचा नाही, पण सगळ्या कारभाराचाच राग आला होता. तिरोड्याला माझ्या गल्लीत बिहारची आणि ओडिशाची पोरं खोल्या करून राहतात, प्लँटच्या कामावर येतात. तिरोड्याची पोरं चाकणला खोल्या करून राहतात. छत्तीसगडचे आमच्या बांधीत, आमचे कोणाच्या तरी गेटवर. आणि बिहारातही कोणत्या तरी अंगणात एखादी आई मान ताठ करून सांगतच असेल, पोरगा बाहेर आहे म्हणून. सगळ्यांनी आपापल्या घरीच राहून आपापलं काम केलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी मोठ्यानं म्हटलं. मामा म्हणाला, "चूप बस, बस आली."

त्याच मुकादमाला भावानं आमच्या गावचा रस्ता सांगितला आणि आमचीच रोवणी धरून दिली. मग बसमध्ये चढला.

तिकडे त्याचं काय चाललं होतं ते मला फोनवर थोडं थोडं कळायचं. एका खोलीत चार जण, पाळी बदलली की गादी बदलायची. हाताशी काय उरत होतं ते तो सांगत नव्हता आणि आई विचारत नव्हती. तिनं त्याचा निळ्या शर्टातला, गळ्यात कार्ड घातलेला फोटो मामाला सगळीकडे पाठवायला लावला. आणि काय सांगू, जादू झाली. जिथून नकार आले होते तिथून फोन यायला लागले. दिवाळीच्या आधीच तो कोहमाऱ्याकडचा बाप स्वतः आमच्या दारात हजर. पाय धुतलेले, इस्त्रीचा सदरा.

मी म्हटलं, "काका, पोरगा तोच आहे. पाहून घ्या नीट, नाक बदललं नाई त्याचं."

"हाव ना," तो म्हणाला. "पण आता बाहेर आहे."

लग्न झालं. चांगलं झालं, मी नाचलेसुद्धा. मुलगी पसंत पडली सगळ्यांना, कामाची, बोलायला सरळ. मी मनात म्हटलं, चला, नाटक संपलं, आता हा परत येईल. हळद उतरल्यावर मी विषय काढला तर सासऱ्यानं सरळ सांगितलं, "मी पोरगी बाहेरवाल्याले देली, घरवाल्याले नाई." जोडपं चाकणला गेलं. म्हणजे बघा, आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना. घरी राहिला तर बायको नाही, बायको आली तर घर नाही.

पुढच्या पावसाळ्यात आईनं बांध्या ठेक्यानं दिल्या. कोणाला? त्याच मुकादमाला. तो आणि त्याची बायको आमच्या म्हशींच्या कोठ्याशेजारच्या खोलीत राहतात. ती आईला 'दाई' म्हणते, त्यांच्याकडे दाई म्हणजे आई, संध्याकाळी तिच्या गुडघ्याला तेल लावते. मामाला हे पटत नाही. येऊन ओट्यावर बसतो आणि सुरू करतो, "बाहेरचे लोकं घुसून राहिले गावात." हाच मामा प्रत्येक लग्नात छाती फुगवून सांगतो की आपले पूर्वज माळव्यातून आले, इथलं जंगल तोडून शेती केली. मी एकदा म्हटलं, "मामा, माळव्यातून आले तेव्हा ते घरचे होते का बाहेरचे?" तेव्हापासून तो माझ्याशी तुटक बोलतो. बोलू दे.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि लेकीसुना गावात येतात. तेव्हा भाऊ आणि वहिनी आले. धान कापणीला आलं होतं. सकाळी पाहते तर वहिनी साडी खोचून मुकादमाच्या बायकोबरोबर बांधीत. विळा असा चालत होता की मुकादमाची बायको मागे पडली. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून पाहत राहिले. पाणी प्यायला ती माझ्याजवळ आली, तोंड लाल, डोळे हसरे. म्हणाली, "बाई, तिकडे मले झोप येत नाई. हात रिकामे राहते."

मी म्हटलं, "मंग तुह्या बापाले बाहेरवाला जावई काऊन पाहिजे होता?"

"बाबाले पाहिजे होता. मले त हे पहिल्याच खेपेले पसंत होते." तिनं विळ्यानं माती टोकरली. "चहा ठेवाले आली तवा बाबाले पऱ्ह्याचं सांगून राहिले होते. मले वाटलं, हा माणूस आपल्या घरी पायजे."

"मंग बोलली काऊन नाई?"

"कोणाले बोलू? मले बैठकीत बसवलं होतं का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे एवढं सगळं, ती बस, ती चौघांची गादी, त्या ठेक्यावर गेलेल्या बांध्या, हे सारं एका प्रश्नाच्या अभावी! कोणी त्या पोरीला एकदा विचारलं असतं, बाई, तुला हा चालतो का? पण मामाला विचारलं, बापाला विचारलं, फोटोला विचारलं. तिला तेवढं नाही.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "आता त लग्न झालं ना? या परत दोघंही. कोण अडवते ते मी पाहतो."

तिनं हात हळूच सोडवून घेतला. "लहान बहीण लग्नाची आहे बाई. पाहुणे विचारते, मोठा जावई काय करते मनून. तिचं होऊ द्या."

"आन् तिचं झाल्यावर?"

"तिच्या मागून अजून एक आहे," ती म्हणाली आणि उठून पुन्हा बांधीत गेली.

मंडई झाली, ते गेले. थंडी पडली, धान घरात आलं, मुकादमानं आपला वाटा उचलला. एका रविवारी मी माहेरी होते. आई अंगणात सूप घेऊन बसली होती, मी भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण आईला कानाशी धरून नीट ऐकू येत नाही. विचारलं, "काय करून राहिला रे?"

तिकडून कुकरच्या शिट्टीचा आवाज आला, वहिनीचं काहीतरी बोलणं आलं. मग तो म्हणाला, "काई नाई बाई. आज सुट्टी आहे. घरीच आहो."

आईच्या हातातलं सूप थांबलं. तिनं ते खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि फाटकाकडे पाहायला लागली.

मला सांगावं लागलं, "माय, आपल्या घरी नाई. त्याच्या."