चकाकीचे वैरी

मंडळी, आधी नीट बसून घ्या. आज जी गोष्ट मी जाहीर करणार आहे ती ऐकून नाजूक प्रकृतीच्या माणसांना घेरी येण्याचा संभव आहे. पुणे जिल्ह्यातली चकाकी धोक्यात आहे. ताटवाट्यांची, बुटांची, टकलांची, नवरीच्या गालांची, कुठलीच चकाकी आता सुरक्षित राहिलेली नाही. तिचा कट्टर वैरी भूगावात दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि सांगायला संकोच वाटतो, पण तो माझा सख्खा साडू आहे.

आमचे साडूभाऊ बोटाएवढ्या माणसांच्या मूर्ती रंगवतात. शिपाई, घोडेस्वार, पखालीवाले, कधी एखादा तुतारी फुंकणारा. दिवसा ते एका कारखान्यात नोकरी करतात, पण ती पोटासाठी. त्यांचं खरं आयुष्य भिंगाखाली जातं. आता मूर्ती रंगवणारे जगात पुष्कळ आहेत. साडूभाऊंची तऱ्हा अशी, की त्यांच्या माणसावर कुठल्याही कोनातून तिळाएवढीसुद्धा चमक दिसता कामा नये. रंग हवा तो सारवलेल्या अंगणासारखा, पडेल तो उजेड पिऊन टाकणारा. याला ते मॅट म्हणतात, आणि लोक देवाचं नाव घेतात त्या सुरात ते हा शब्द उच्चारतात. मी एकदा विचारलं, थोडं चमकलं तर बिघडलं काय? साडूभाऊंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "माणूस लहान करता येतो," ते म्हणाले, "उजेड लहान करता येत नाही. बोटाएवढ्या शिपायाच्या खांद्यावर खिडकीएवढी चमक पडली की शिपाई मेला. उरतं ते खेळणं." एवढं बोलून ते माझ्या टकलाकडे इतक्या करुणेने बघत राहिले, की मी उठून दिव्याखालून दुसऱ्या खुर्चीवर, सावलीत जाऊन बसलो.

या तत्त्वासाठी त्यांनी फार सोसलं आहे, आणि त्याहून जास्त इतरांना सोसायला लावलं आहे. त्यांच्या सोसायटीतल्या मुलांनी दिवाळीत किल्ला केला, त्यावर बाजारातले चकचकीत मावळे उभे केले. साडूभाऊंना जाता-येता ते बघवेनात. त्यांनी मुलांना विश्वासात घेऊन सगळे मावळे घरी नेले आणि दोन दिवसांनी परत दिले ते सह्याद्रीच्या धुळीत आयुष्य काढल्यासारखे. मला तर अंगावर काटा आला. पण मुलांचं म्हणणं एकच, "काका, आमचे मावळे मळवले तुम्ही." लग्नकार्यात मुंडावळ्यांखालच्या घामेजल्या चेहऱ्यांकडे बघून ते माझ्या कानात पुटपुटतात, "कपाळावर एक पातळ हात दिला असता तर." पातळ हात हा त्यांचा दुसरा मंत्र. जाड थर एकदाच देणारा माणूस त्यांच्या मते आळशी, आणि आळशी माणसाचं काम चमकतंच. मॅटच्या बाटलीच्या तळाशी चमक घालवणारी पूड बसलेली असते, ती नीट ढवळून वर आणली नाही तर सगळं मुसळ केरात. म्हणून ते बाटली ढवळत बसतात, दुधाला उतू जाऊ न देणाऱ्या गृहिणीच्या एकाग्रतेने. तेवढ्या वेळात दारावर कुणी आलं, फोन वाजला, खालच्या मजल्यावर भांडण जुंपलं, तरी साडूभाऊ हलत नाहीत. आणि मूर्तीला हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं की तिथे चमक आली. त्यांच्याकडे भजी खाल्लेल्या पाहुण्याला शोकेसच्या चार हात लांब बसवतात. अस्पृश्यता कायद्याने गेली, या घरात ती भज्यांपुरती शिल्लक आहे.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे पापड. शेवटचा मॅटचा फवारा ओलसर हवेत मारला तर मूर्तीवर पांढरा धुरळा धरतो, आणि आमच्या मुळशीत हवा ओलसर नसते असे महिने बोटावर मोजावेत. हवेतला ओलावा मोजायची यंत्रं मिळतात. साडूभाऊंचा त्यांच्यावर विश्वास नाही. ते खिडकीत कपडे वाळत घालायच्या चिमट्याने उडदाचा एक कच्चा पापड टांगतात. सकाळी उठून त्याचा कोपरा मोडायचा. कट् आवाज आला तर फवारा, पापड नुसता वाकला तर सुट्टी. ही पद्धत वर्षानुवर्षं बिनचूक चालली. मग एका श्रावणात आमच्या दोघांच्या सासूबाई तिथे मुक्कामाला गेल्या. साडूभाऊंनी सकाळी पापड मोडला, तो असा खणखणीत मोडला की ऐन श्रावणात हवा कोरडी पडल्याचा त्यांना साक्षात्कार झाला. सहा महिने खपून रंगवलेली अख्खी पलटण त्यांनी गॅलरीत मांडली आणि फवारली. तासाभरात सगळे शिपाई पिठाच्या गिरणीतून पळून आल्यासारखे पांढरेफटक. साडूभाऊ भिंतीला टेकून उभे. सासूबाई आतून पदराला हात पुसत आल्या आणि मायेने म्हणाल्या, "जावईबापू, तो पापड पार सादळला होता हो. मी डब्यातला नवीन लावून ठेवला."

त्या दिवशी शेवटी माझ्या मेहुणीचाही धीर मोडला. "भावोजी," ती मला फोनवर म्हणाली, "यांना विचारा, मी लग्न माणसाशी केलंय की गॅरेजशी. घरभर थिनरचा वास, आणि वर पापडाचं सुतक." परिणामी साडूभाऊंचा संसार, म्हणजे रंग, भिंग आणि पापडाचा डबा, कासार आंबोलीत एका भाड्याच्या खोलीत हलला. घरमालक तात्या. साठी उलटलेले, बोलायला रोखठोक. रस्त्याकडेची त्यांची जमीन बिल्डरकडे गेली, तिथे आता बंगले आहेत. घरामागे दोन-चार खोल्या त्यांनी काढल्या, त्यांतली ही एक. खिडकी उत्तरेला, उजेड मऊ. साडूभाऊ दर शनिवारी तिथे जाताना असे खुलायचे, की मेहुणीला काही दिवस संशय आला होता.

मग तात्यांनी खोली रिकामी करायला सांगितलं. जवळच्या एका कंपनीत काम करणारं जोडपं कायमचं राहायला येणार होतं. साडूभाऊंचा चेहरा मी तेव्हा पाहिला आहे. माणसाचं घर जाताना तो असा होत नाही. तात्या टेबलावरच्या घोडेस्वाराकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या परमुलखातल्या शिपायांस्नी काय रंगवताय? आमचं खाचर करा की. ते रस्त्याकडंचं. बा चिखलणी करतोय, बैलं हायेत, अंगावर इरलं हाय. त्याचा फोटू न्हाई कुटं. जमलं तर ऱ्हावा हितंच, त्या पोरांस्नी मी दुसरी खोली काढून देतो."

साडूभाऊंनी पुढचे कितीतरी शनिवार त्या भातखाचराला दिले. तात्या सांगत, साडूभाऊ करत. बैलांच्या शिंगांचा बाक, पाठीवरच्या पानांच्या इरल्याचा रंग, औतावर पाय देऊन उभं राहायची वडिलांची ढब, सगळं तात्यांच्या तोंडून ऐकून उतरवलेलं. आणि सगळं मॅट. बांध मॅट, बैल मॅट, खाचरात भरलेलं पाणीसुद्धा मॅट. तात्यांना बघायला बोलावलं. ते गोल फिरले. "बैलं आमचीच," ते म्हणाले. "बा बी आमचाच. पर ह्यो खाली कोबा कुनी केलाय?"

"ते पाणी आहे," साडूभाऊ म्हणाले.

"पानी असं असतंय व्हय? कोबा त्या बिल्डरनं केलाच हाय की वो आमच्या खाचरात. तुमी कशाला परत करताय?"

साडूभाऊ त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला आणि शस्त्रक्रियेची तारीख कळवावी तशा आवाजात म्हणाले, "चमक आणावी लागेल." आम्ही शहरात रंगांच्या दुकानात गेलो. म्हणजे मी गेलो. चाळीस वर्षं माळ घातलेला माणूस सुनेसाठी अंडी घ्यायला दुसऱ्याला पाठवतो, तसे ते समोरच्या फुटपाथवर पाठ करून उभे राहिले. मी चकचकीत वॉर्निशची बाटली आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळली. परतीच्या वाटेत चांदणी चौक गेल्यावर एकदम म्हणाले, "पातळ हात देईन. पण देईन."

खोलीचं काय झालं ते मधेच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. खोली अजून साडूभाऊंकडेच आहे, आणि ते जोडपं पलीकडच्या खोलीत सुखाने नांदतं आहे. पण तात्यांना पुन्हा बघायला बोलावलं, तो दिवस मला सांगायचा आहे. थंडीचे दिवस, दुपारची वेळ. खाचराचा ट्रे खिडकीपाशी ठेवलेला. त्या वीतभर पाण्यात खिडकीचे गज उलटे पडले होते, आकाश पडलं होतं, आणि इरल्याखाली वाकलेला तो बोटाएवढा माणूस पाण्यात आणखी एकदा, खाली डोकं वर पाय, औत हाकत होता. पाणी चमकत होतं म्हणूनच बाकीचं सगळं कोरडं, जड, खरं वाटत होतं. साडूभाऊंना हे दिसलं होतं की नाही कोण जाणे. ते कोपऱ्यात, नापास होणार अशी खात्री असलेल्या मुलासारखे उभे होते.

तात्या आले. त्यांनी वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या. आजवर ते त्या खोलीत वहाणांसकट येत. ट्रेपाशी उकिडवे बसले. साडूभाऊंचे ओठ हलले, हात लावू नका हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलेलं मला स्पष्ट दिसलं, पण ते त्यांनी गिळलं. तात्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पायजमा दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत वर ओढला, आणि आम्ही दोघं तिथे आहोत हे साफ विसरून मोठ्याने म्हणाले,

"बा, वाईच सरक, मी उतरतो."